म्हैसूर पॅलेसचे फोटो: दिवे, रंगीत काच आणि काचेच्या पेट्या

पायवाट
नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात म्हैसूर. राजवाड्यासाठी रविवारची सकाळ आणि त्याच दिवशीची रोषणाई, एवढाच वेळ आहे. सामान असं: क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा, १८-५५ किट लेन्स, ५० मिमी एफ/१.८ आणि मध्यम किमतीचा फोन. ट्रायपॉड नाही आणि आत नेऊ देतील असं धरलेलंही नाही.
अडचणी तीन. दिव्यांचा फोटो म्हणजे पिवळाधमक गोळा आणि वर काळा पट्टा, असं होऊ नये म्हणून काय करायचं? कल्याण मंडपाचं रंगीत छत आणि खालची फरशी एकाच फोटोत येते का? काचेमागच्या वस्तूंवर आपलीच छबी उमटते, तिचं काय करायचं?
नेटवर सगळीकडे 'गोल्डन अवरला पोचा' लिहिलंय. दार दहाला उघडतं. दहा वाजता कसला गोल्डन अवर!

छिद्रान्वेषी
गोल्डन अवर विसरा, पण दहा वाजता दारात हजर राहा. राजवाड्याची दर्शनी बाजू पूर्वेकडे आहे. समोरच्या मैदानातून बघताना तुमचं तोंड पश्चिमेला असतं आणि सकाळचं ऊन पाठीमागून येतं. दुपार कलली की सूर्य इमारतीच्या मागे जातो, कमानी सावलीत जातात आणि आकाश पांढरं पडतं. त्यानंतर कितीही महागडा कॅमेरा असला तरी दर्शनी भाग मेल्यासारखाच दिसणार. म्हणून बाहेरचे फोटो १० ते ११.३० या वेळात उरका, मग आत शिरा. बहुतेक लोक उलट करतात: आधी आत, आणि बाहेर येतात तेव्हा ऊन डोक्यावर.

नोव्हेंबरमध्ये सूर्य आग्नेयेला असतो, म्हणजे ऊन डाव्या खांद्यावरून तिरपं पडेल. हे चांगलं. तिरप्या उन्हात कमानींच्या कडा, सज्जे, घुमटांखालच्या पट्ट्या उठून दिसतात. करड्या ग्रॅनाइटवर सपाट उजेड पडला की भिंत पुठ्ठ्याची वाटते. मे ते ऑगस्ट जाणाऱ्यांसाठी टीप: त्या काळात सकाळचा सूर्य ईशान्येकडे असतो, ऊन उजवीकडून येतं. मैदानात त्याप्रमाणे जागा बदला.

आता अंतर. मधला मनोरा १४५ फूट, म्हणजे ४४ मीटर. किट लेन्स १८ मिमीवर, कॅमेरा आडवा आणि अगदी समपातळीत धरला, तर मनोऱ्याचं टोक चौकटीत यायला साधारण १०० मीटर मागे जावं लागतं. कॅमेरा उभा धरला तर ६५ मीटर पुरतात. त्याच्या आत गेलात तर कॅमेरा वर कलवावा लागणार, आणि कलवला की इमारत मागे पडल्यासारखी दिसणार. थोडं कलणं घरी सॉफ्टवेअरमध्ये सरळ होतं, पण सरळ करताना दोन्ही बाजूंचा भाग कापला जातो. तेवढी जागा कडेला आधीच सोडा. फोनची 'शून्य पॉइंट पाच' लेन्स वापरून जवळूनच सगळं कोंबायचा मोह आवरा; कडेचे घुमट वांग्यासारखे ताणले जातात.

मावळतीचं_ऊन
+१. फक्त एक भर. दहाला दार उघडलं की पहिली दहा-पंधरा मिनिटंच मैदान मोकळं असतं, शाळांच्या सहली आल्या की संपलं. म्हणून पहिला फोटो मधोमध उभं राहून घ्या, तिरपे कोन नंतर. सममित इमारतीत मधली रेघ चार पावलं चुकली तरी डोळ्याला खुपते. स्क्रीनवर ग्रिड लावा, मनोऱ्याचं टोक आणि खालच्या मधल्या कमानीचा मध्य एकाच उभ्या रेघेवर येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका. कॅमेरा फिरवून रेघ जुळवू नका, पाय हलवा.

छिद्रान्वेषी
रोषणाईचं वेगळं लिहितो, कारण तिथे गणित आहे.

रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातला दिवे लागतात आणि पाऊण तास राहतात. बल्ब लाखाच्या घरात. रोषणाईचा जो फोटो 'पोस्टकार्ड' वाटतो, त्यात आकाश काळं नसतं, गडद निळं असतं. ते निळं सूर्यास्तानंतर दहा मिनिटांपासून पंचवीस मिनिटांपर्यंतच टिकतं. आता म्हैसूरचा सूर्यास्त बघा: नोव्हेंबरअखेर सुमारे ५.५५, जानेवारीअखेर सुमारे ६.२५, जून-जुलैत सुमारे ६.५०. म्हणजे जून-जुलैत सातला दिवे लागतात तेव्हा निळाई नुकती चढत असते, सव्वासातपर्यंत चंगळ (ढग नसले तर). नोव्हेंबरात दिवे लागेपर्यंत सूर्य मावळून तासाहून जास्त झालेला असतो. आकाश काळंच मिळणार. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यात दोष नाही.

मग काळ्या आकाशाचं काय करायचं? ते चौकटीत कमीत कमी घ्या. पूर्ण इमारत आणि वर तेवढंच आकाश, ही चौकट नोव्हेंबरात सोडा. ५० मिमी लावा, मनोरा आणि शेजारचे दोन घुमट घ्या, किंवा सात-आठ कमानींची रांग घ्या. काळा रंग मग पार्श्वभूमी म्हणून शोभतो, उरलेली जागा वाटत नाही.

एक्स्पोजर (फोटोला किती उजेड द्यायचा ते): कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर सोडलं तर कॅमेरा काळं आकाश बघून घाबरतो आणि फोटो उजळवतो, त्यातून तुमचा पिवळा गोळा तयार होतो. मॅन्युअल मोड घ्या. हातात धरून सुरुवात: आयएसओ १६००, एफ/४, १/१५ सेकंद (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता; एफ म्हणजे लेन्सचं उघडणं, आकडा लहान तितकं ते मोठं; किट लेन्स १८ मिमीवर साधारण एफ/३.५पर्यंत उघडते). आधार मिळाला तर आयएसओ १००, एफ/८, ४ सेकंद. उजेड तेवढाच, दाणे (फोटोतली खरखर) कमी. तिथून एक पायरी खाली (उजेड निम्मा), एक वर (दुप्पट), असे तीन घ्या. स्क्रीनवर झूम करून बघा: बल्बाचा ठिपका पांढरा झाला तर चालेल, बल्बाशेजारच्या दगडाचा पोत दिसला पाहिजे. तो पुसला गेला असेल तर अजून एक पायरी कमी करा.

व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळणी) ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा पिवळेपणा 'सुधारायला' जातो आणि राजवाडा मळकट पांढरा होतो. ३२०० ते ३५०० केल्विन धरा. सोनेरी छटा राहते आणि नारिंगी चिखल होत नाही.

सुतळीबॉम्ब
एफ/१६ ठेवा हो. प्रत्येक बल्बाचा तारा होतो, भारी दिसतं.

छिद्रान्वेषी
रस्त्यावरचे चार दिवे असतील तर भारी दिसतं. इथे बल्ब वीत-वीत अंतरावर आहेत, तारे एकमेकांत घुसतात आणि कमानीच्या रेघेला केस फुटल्यासारखे दिसतात. शिवाय एफ/१६ला क्रॉप सेन्सरवर विवर्तनाने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) एकूण फोटोच मऊ पडतो, आणि एफ/४च्या सोळापट वेळ शटर उघडं ठेवावं लागतं. एफ/५.६ ते एफ/८ बास.

तळ्याकाठी
दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत आणि रोषणाईच्या दहातले सात फोटो त्यांच्यामुळेच बिघडतात.

पहिली, यूव्ही फिल्टर. लेन्सचं रक्षण म्हणून दुकानदार जो गळ्यात मारतो तो. रात्री तो काढून खिशात ठेवा. बल्बांचा उजेड सेन्सरवरून परत फिरतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. परिणाम: काळ्या आकाशात राजवाड्याची उलटी, फिकट हिरवी ठिपक्यांची नक्षी. लहान स्क्रीनवर दिसत नाही, घरी मोठ्या पडद्यावर दिसते.

दुसरी, बोटाचे डाग. विशेषतः फोनवर. कॅमेऱ्याच्या काचेवर तेलकट बोट फिरलेलं असलं की प्रत्येक दिव्यातून एकाच दिशेला लांब रेघ निघते. लोक सेटिंग बदलत बसतात. जुन्या मऊ सुती साडीचा किंवा धोतराचा धुतलेला तुकडा खिशात ठेवा, काचेवर हलकी वाफ सोडा आणि गोल फिरवत पुसा. जीन्सवर किंवा टेरिकॉटच्या शर्टावर घासू नका. डाग नुसता पसरतो.

फोनसाठी क्रम: नाइट मोड आपोआप तीन सेकंद घेत असेल तर एक सेकंदावर आणा. दिवे उघडे असताना त्याला जास्त वेळ लागतच नाही, तो उगाच आकाश राखाडी करतो. मग उजळलेल्या कमानीवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक झाला की बोट खाली ओढून फोटो गडद करा. पडद्यावर 'जरा जास्तच काळं झालं' वाटलं की बहुधा बरोबर असतं, कारण अंधारात पडदाच प्रखर दिसतो.

सुतळीबॉम्ब
बरं, एफ/१६ मागे घेतो. नावाला जागून आधाराचा जुगाड सांगतो.

हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची बोल्ट घ्या, साधा, एक इंच लांब, दोन नट आणि एक वायसर. कॅमेऱ्याच्या बुडाला ट्रायपॉडचं जे भोक असतं ते पाव इंचीच असतं. बोल्टावर नट आणि वायसर असे बसवा की वर फक्त ४ ते ५ मिमी आटे मोकळे राहतील. हे महत्त्वाचं आहे: ते भोक उथळ असतं, लांब बोल्ट पिळत गेलात तर आतला भाग फुटतो. बोल्टाच्या डोक्याखाली दोन मीटर सुतळी बांधा. कॅमेरा डोळ्याशी, सुतळीचं दुसरं टोक बुटाखाली, आणि कॅमेरा वर खेचून सुतळी ताठ ठेवायची. वर-खाली हलणं जवळजवळ थांबतं. १/१५ जिथे हलत होतं तिथे १/४ निघतो. सगळा खर्च वडापावाएवढा, वजन किल्लीएवढं.

बसायला किंवा टेकवायला कठडा असेल तर कापडी पिशवीत ७०० ग्रॅम मूग शिवून न्या. पिशवी पाऊण भरायची, ठासून नाही. मध्ये खळगा पडला पाहिजे म्हणजे लेन्स त्यात बसते. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर. फाटकावर विचारलं तर मूग दाखवायचे, गिळायचे नाहीत.

पायवाट
हा बोल्ट आजच आणते. सुतळी ताणून धरायची म्हणजे बूट हवेत ना? आत चप्पल-बूट काढून ठेवावे लागतात असं ऐकलंय.

सुतळीबॉम्ब
हो, राजवाड्याच्या आत जाताना पादत्राणं बाहेर काढावी लागतात. आत सुतळीचा फास करून तळपायाखाली घ्या, मोज्याखाली नको, घसरते. मैदानात बूट असतातच.

काचेपलीकडे
आतल्या भागाचं मी लिहितो.

आधी कल्याण मंडप. अष्टकोनी जागा, बिडाचे सडपातळ खांब, वर मोरांची नक्षी असलेलं रंगीत काचेचं छत. १८९७च्या आगीत जुना लाकडी वाडा जळाला, म्हणून हेन्री आयर्विनने १९१२पर्यंत उभा केलेल्या नव्या वाड्यात दगड, लोखंड आणि काच यांवर भर आहे. मंडपाचं लोखंड आणि काच ग्लासगोहून आली. फोटोसाठी याचा अर्थ असा की इथे पोत लाकडाचा नाही, ओतीव लोखंडावरच्या रंगाचा आहे, आणि तो चमकतो.

छत आणि फरशी यांच्या उजेडात सहा-सात पायऱ्यांचा फरक पडतो. एका जेपेगमध्ये दोन्ही येत नाही. तीन मार्ग:
छतच घ्या. कॅमेरा वर, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड पायऱ्यांनी कमी-जास्त करणं) उणे १.३ ते उणे २, काचेतला निळा-हिरवा भरगच्च होईपर्यंत. खांब काळे पडतात, पडू द्या. काळ्या खांबांच्या चौकटीत रंगीत काच जास्त उठते.
किंवा रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) उणे १वर एकच फोटो, घरी सावल्या उजळवायच्या. आयएसओ ४००-८००पर्यंत असेल तर हे जमतं. ३२००वर सावल्या उचलल्या की जांभळे दाणे येतात.
किंवा तीन फोटोंचं ब्रॅकेटिंग, म्हणजे एकच चौकट कमी-जास्त उजेडात, दोन-दोन पायऱ्यांनी. पण खालून माणसं चालत असतात, जोडताना त्यांची भुतं होतात. आधाराशिवाय मी याला शेवटचा नंबर देईन.

मधोमध उभं राहता आलं तर उत्तमच. दोरीमुळे नाही आलं तर सममितीचा हट्ट सोडा, एका खांबाला चिकटून तो खांब चौकटीच्या एका कडेने वर जाऊ द्या आणि अर्धंच छत घ्या. अर्धवट सममिती सर्वात वाईट. एकतर तंतोतंत मध्य, नाहीतर उघड तिरपं.

व्हाइट बॅलन्स 'सूर्यप्रकाश' (५२००-५५००) वर पक्का करा. ऑटोवर प्रत्येक फोटोत मोराचा रंग बदलतो: काच जास्त आली की कॅमेरा निळा कमी करतो, भिंत जास्त आली की वाढवतो. घरी बघितलं की चार फोटोंत चार जातींचे मोर.

मंडपाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची २६ चित्रं आहेत, त्या काळच्या खऱ्या फोटोंवरून रंगवलेली. त्यांच्यावर छताचाच उजेड पडतो, त्यामुळे समोर उभं राहिलं की वरचा अर्धा भाग चकाकतो. चकाकीवर उपाय एकच: जागा बदला. चित्राकडे बघत बाजूला सरकत जा, चकाकी कडेला जाऊन नाहीशी होते तिथे थांबा, एक-दोन पावलं मागे या आणि ५० मिमीने घ्या. थोडं तिरपं आलेलं चित्र घरी चौकोनी करता येतं. चकाकीखाली गेलेला हत्ती परत आणता येत नाही.

मावळतीचं_ऊन
पोलरायझर लावला तर चकाकी जाते की.

काचेपलीकडे
जाते, पण कुठल्या कोनात ते बघा. काचेवर किंवा वार्निशवर पोलरायझर चालतो तो पृष्ठभागाच्या लंबापासून ५५ अंशांच्या आसपास, म्हणजे बऱ्यापैकी बाजूला उभं राहून. समोरून बघताना त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. वर दीड-दोन पायऱ्या उजेड खातो. जिथे आधीच १/३०वर अडकलोय तिथे १/८वर जाणं आलं. सोनं, चांदी, आरसे यांच्यावरची चमक तर तो काढतच नाही, धातूवर चालत नाही. बाहेर दुपारच्या आकाशाला ठेवा, आत बॅगेत.

काचेच्या पेट्यांचं सोपं आहे, पण नीट करावं लागतं. लेन्सला रबराचं घडीचं हूड लावा आणि हूडची कड काचेला टेकवा. काच आणि हूड यांच्यात फट नसेल तर मागचा उजेड येतच नाही. हूड रबराचंच हवं, धातूचं किंवा कडक प्लास्टिकचं काचेवर ओरखडा काढेल. काचेवर हात ठेवायला मनाई असेल तिथे हेही नको: गडद कपडे घाला, कॅमेऱ्याचा रंगीत पट्टा गुंडाळून घ्या, आणि सोबतच्या माणसाला तुमच्या मागे काळी ओढणी पसरून उभं करा. प्रतिबिंब पांढऱ्या शर्टाचं, उजळ खिडकीचं आणि फोनच्या पडद्याचं पडतं. काळ्याचं पडत नाही.

फोकस पुष्कळदा काचेवरच्या धुळीवर बसतो. एकच बिंदू निवडा, तो बाहुलीच्या डोळ्यावर किंवा दागिन्याच्या कडेवर ठेवा. फोन काचेला टेकवलात की तो स्वतःहून मॅक्रोवर, म्हणजे वाइड लेन्सवर जातो, आणि ती लेन्स काचेला टेकलेलीच नसते. मॅक्रोचं चिन्ह बंद करा.

तळ्याकाठी
५० मिमीचं एफ/१.८ बाहुल्यांवर वापरायचं का? गोंबे तोट्टीसाठी (राजवाड्यातल्या बाहुल्यांच्या दालनासाठी) विचारतेय.

काचेपलीकडे
जपून. एक मीटरवरून एफ/१.८ला जेमतेम ३ सेंटिमीटर खोली फोकसमध्ये राहते. बाहुलीचं नाक आलं तर कान जातो. एफ/४ला साडेसहा, एफ/५.६ला नऊ सेंटिमीटर.

पण उजेड किती मिळेल तेही बघा. कापड, कागद, जलरंग अशा नाजूक वस्तूंवर संग्रहालयं साधारण ५० लक्सपर्यंतच उजेड ठेवतात, तैलचित्रांवर दोनशेपर्यंत. ५० लक्सला आयएसओ १६००वर एफ/१.८ असेल तर शटर १/१००, एफ/४ला १/२०. म्हणून सपाट वस्तूंना (कापड, तसबीर, शस्त्राचं पातं) एफ/२ चालतं, गोल वस्तूंना एफ/४ आणि आयएसओ ३२००. ३२००ला घाबरू नका. १६००वर काळा आलेला फोटो घरी उजळवला की तो ३२००च्या नीट फोटोपेक्षा जास्त दाणेदार दिसतो.

सोन्याची अंबारी मात्र मीटरला फसवते. चकाकत्या कडांमुळे कॅमेरा एकूण फोटो गडद करतो, किंवा मागची अंधारी जागा बघून उलट जाळून टाकतो. स्पॉट मीटरिंग (एकाच ठिपक्याचा उजेड मोजणं), सोन्याच्या सपाट भागावर, आणि तिथून अधिक ०.७.

छिद्रान्वेषी
सायलेंट मोडबद्दल सावध करतो. संग्रहालयात आवाज नको म्हणून लोक इलेक्ट्रॉनिक शटर लावतात आणि घरी फोटोभर आडवे काळे-पिवळे पट्टे बघतात. आपली वीज ५० हर्ट्झची, बरेचसे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटर ओळ-ओळ वाचतं, त्यात ती लुकलुक पकडली जाते. यांत्रिक शटर वापरा आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवा. व्हिडिओलाही तेच.

फ्लॅश बंद, हे सांगायला नको. तो तसाही निरुपयोगी: काचेवर पांढरा गोळा, सोन्यावर पांढरा डाग, आणि कॅमेऱ्यावरचा चिमुकला फ्लॅश चार-पाच मीटरपलीकडे पोचतच नाही. दरबार हॉलमध्ये फ्लॅश मारून पुढच्याचं डोकं तेवढं उजळतं.

मावळतीचं_ऊन
दरबार हॉल निघालाच आहे तर: सार्वजनिक दरबाराची बाजू मैदानाकडे उघडी आहे. सकाळी बाहेरच्या रांगेतल्या खांबांवर ऊन येतं, आतली रांग सावलीत. खांबांच्या रांगेच्या टोकाला जाऊन लांबीच्या दिशेने घ्या, १८ऐवजी ३५-५५ मिमीवर. लांब लेन्सने कमानी एकीवर एक दाटतात. १८ने त्या दूर पळतात आणि मधली रिकामी फरशीच दिसते. गर्दी चुकवायची तर छातीच्या वर कॅमेरा धरून डोक्यांच्या वरचाच भाग घ्या, खरं सौंदर्य तिथेच आहे: कमानीच्या कडा, छतावरची चित्रं.

गर्दी पुसायची असेल तर एकाच जागेवरून पाच-सहा सेकंदांच्या अंतराने १२-१५ फोटो घ्या, सगळे मॅन्युअलवर, फोकसही लॉक. घरी 'मेडियन' पद्धतीने एकत्र केले की चालणारी माणसं जातात. जो माणूस पंधरा फोटोंत एकाच जागी उभा राहून सेल्फी काढतो तो मात्र राहतो.

घड्याळी_मनोरा
अवांतर, पण कामाचं. म्हैसूरचा करडा दगड मीटरला सोपा आहे हो. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसला या म्हणजे कळेल. चार्ल्स मँटचं काम, १८७७ ते १८८४, काळा घडीव दगड. काळा दगड बघून कॅमेरा त्याला राखाडी करतो आणि आकाश पांढरं. उणे ०.७ ते उणे १ द्यायचं. संग्रहालयाच्या आत फोटोला बंदी आहे, त्यामुळं सगळी हौस बाहेरच भागवायची. घड्याळाच्या मनोऱ्यासाठी पावसाळी ढगाळ दिवस बेस्ट. कडक उन्हात काळ्या दगडाच्या सावल्या नुसत्या डांबरासारख्या दिसतात बघा.

ग्वाल्हेरी
ग्वाल्हेरच्या जयविलासला याच्या उलटं. शिंद्यांच्या १८७४च्या राजवाड्यातला दरबार हॉल पांढरा आणि सोनेरी, मीटर त्याला राखाडी करतो, म्हणून अधिक ०.७. पण दोन अजस्र झुंबरं चौकटीत आली की लगेच उणे १. झुंबर आणि हॉल वेगवेगळे घ्या. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी घेताना चांदीत खिडक्या आणि तुम्ही दोघंही दिसता. जरा खाली वाकून रुळांच्या पातळीवर आलात की चांदीत टेबलच दिसतं आणि ते चालतं.

पायवाट
खूपच ऐवज मिळाला. वाखूसा (वाचनखूण साठवली). माझा आराखडा असा: रविवारी ९.४५ फाटकावर, दहा ते अकरा मैदान, अकरा ते एक आत, संध्याकाळी साडेसहाला पुन्हा मैदानात, ५० मिमी, यूव्ही फिल्टर काढलेला. काही चुकतंय?

छिद्रान्वेषी
तीन बारीक गोष्टी. तिकीट खिडकीवरच विचारून घ्या: आज आत कॅमेरा चालतो की फोनच, व्हिडिओ चालतो का, बॅग कुठे ठेवायची. नियमांत बदल होतात, आणि आत शिरल्यावर रखवालदाराशी वाद घालून फोटो मिळत नाहीत. फक्त फोनच चालला तर वरचं सगळं फोनवरही करता येतं, रॉ किंवा 'प्रो' मोड चालू करा.

संध्याकाळी सहा-पन्नासला जागा पक्की करून चौकट जुळवून ठेवा, फोकस मनोऱ्यावर घेऊन मॅन्युअलवर टाका. दिवे एकदम लागतात, सगळा जमाव एकदम फोन वर करतो आणि पुढची पाच मिनिटं तुमच्यासमोर फक्त उजळलेले पडदे असतात. ती पाच मिनिटं जाऊ द्या. सव्वासातनंतर पुढची रांग विरळ होते. पाऊण तास आहे, घाई नको.

आणि मैदानात पाऊस पडून गेला असेल तर खाली बघा. फरशीवर साचलेलं बोटभर पाणी पुरतं. फोन उलटा धरायचा, म्हणजे लेन्स खाली येते, आणि ती पाण्यापासून दोन बोटांवर न्यायची. अख्खा राजवाडा उलटा मिळतो.

सुतळीबॉम्ब
पाऊस नसेल तर बाटली ओतून डबकं करणारे महाभाग तिथे असतातच. मागून येणारी आजी त्यात घसरते. ते तेवढं नको.

तळ्याकाठी
एसी टॅक्सीतून थेट उतरणार असाल तर कॅमेरा बॅगेत बंद ठेवून पंधरा मिनिटं आधी एसी बंद करायला सांगा. लेन्सवर बाष्प धरलं तर पुसू नका, पुन्हा धरतं. आपोआप उडू द्या.

पायवाट
नोंद केली. मुगाची पिशवी शिवायला घेतली आहे. पाऊण भरायची म्हणजे ७०० ग्रॅमला पिशवी केवढी?

सुतळीबॉम्ब
१५ बाय २० सेंटिमीटर, जाड मांजरपाट, दुहेरी शिवण. एका कडेला चेन ठेवा, म्हणजे फोटो झाल्यावर उसळ करता येईल.